जावयानं झाडलेला किनारा

मुकादमाला सगळं गाव 'चकाचक' म्हणायचं आणि त्याला ते मनापासून आवडायचं. नगरपालिकेच्या किनारा-सफाईचा तो मुकादम. हाताखाली आठ माणसं, आठ दाताळी, दोन हातगाड्या आणि चालून पाऊण तास लागेल एवढी लांब वाळू. सकाळी सहाला काम सुरू झालं की नऊच्या आत त्या वाळूवर पानं मांडून जेवायला बसता आलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. घरी मात्र त्याची एक चप्पल दाराशी आणि दुसरी पलंगाखाली असायची, आणि ही बातमी त्याची बायको येईल-जाईल त्याला सांगायची.

बायको जाळी दुरुस्त करायची. किनाऱ्याच्या एका टोकाला तिच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं उभी केलेली लाकडी शेड होती. तिथं ती आणि आणखी चार बायका मच्छीमारांची फाटकी जाळी मांडीवर घेऊन दिवसभर बसायच्या. जाळ्याच्या भोकावरून ती समुद्राची तब्येत सांगायची. खालच्या कडेला बारीक गोल भोकं दिसली की जवळपास खेकडे आहेत, म्हणजे समुद्र धडधाकट. लांबलचक चीर दिसली की जवळ काही मिळत नाही म्हणून होडी दूर जाऊन खडकांवरून जाळं ओढत आली. गेली कित्येक वर्षं तिच्या मांडीवर नुसत्या चिराच येत होत्या.

आणि आता त्या शेडचाच प्रश्न आला होता. नियम असा, की भरतीच्या रेषेपासून दहा मीटरच्या आत कुठलंही बांधकाम ठेवायचं नाही. दर वर्षी वादळांचे दिवस सरले की मोजणीवाला फीत घेऊन यायचा. तीन वर्षांपूर्वी अंतर सतरा मीटर भरलं, पुढच्या वर्षी चौदा, आणि गेल्या खेपेला बारा. समुद्र असाच पुढे येत राहिला तर यंदाच्या मोजणीनंतर शेड पाडावी लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शेड गेली की पाच बायकांचं कामही गेलं, कारण शंभर हात लांब जाळं काही घराच्या खोलीत पसरता येत नाही. रोज संध्याकाळी नवरा-बायको शेडच्या दारापासून पाण्यापर्यंत पावलं मोजत जायची. त्याची पावलं अठरा भरायची, तिची पंधरा. तो तिला बरं वाटावं म्हणून मुंगीच्या पावलांनी चालायचा. समुद्र काय तुमच्या पावलांना फसणार आहे का, असं ती म्हणायची. तिच्या चेहऱ्याकडे त्याला बघवत नसे.

खरं तर मुकादम समुद्राकाठचा नव्हेच. तो आला दूर आतल्या भागातून, जिथं समुद्र फक्त शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात होता. सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून लग्नानंतर तो इथंच राहिला. त्याची आई दिवसातून दोनदा अंगण झाडायची. झाडाचं एक पान पडलं तरी हातातलं काम टाकून उठायची. तेच संस्कार घेऊन पोरगा समुद्रावर आला आणि बघतो तर काय, भरतीबरोबर येऊन पडलेलं गवत. तपकिरी, फितींसारखं, ढिगांनी पसरलेलं आणि वाळायला लागलं की वास मारणारं. सफाईच्या कामावर लागताच त्यानं त्या गवताशी उभा दावा मांडला. उचलायचं, गाडीत भरायचं आणि गावाबाहेरच्या कचरा-डेपोवर नेऊन टाकायचं. आंघोळीला येणाऱ्यांच्या पायांना गुळगुळीत लागतं म्हणून गुडघाभर पाण्यातलं जिवंत गवतसुद्धा तो उपटून घ्यायचा. सासऱ्यांना शेडच्या पुढ्यात गवताचा लांब ढीग रचून ठेवायची सवय होती. म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ, असं समजून जावयानं पहिल्याच आठवड्यात तो ढीग साफ केला. सासरे बाजूला उभे राहून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, उलट काम झाल्यावर जावयाला चहा पाजला.

त्याला आता बावीस वर्षं झाली. सासरे गेले, मुकादमाचे केस पिकले आणि त्याच्या कष्टांना फळही आलं. सर्वांत स्वच्छ किनाऱ्याची फिरती ढाल गावानं ओळीनं सहा वर्षं जिंकली. सातव्यांदा जिंकली की ती फिरायची थांबणार आणि कायमची गावाची होणार होती. नगरपालिकेच्या कचेरीत ती काचेच्या कपाटात असायची आणि दर सोमवारी मुकादम ती स्वतः पुसायचा.

अशात बायकोची भाची महिनाभर राहायला आली. ती समुद्राच्या अभ्यासकेंद्रात पाणबुड्याचं काम करायची. कसलं काम, असं मुकादमानं जेवताना विचारलं, तर म्हणाली, पाण्याखालचं गवत मोजते. नळ्यांची एक चौकट तळाशी ठेवायची, तिच्यात गवताच्या किती काड्या आल्या ते पाटीवर लिहायचं, मग चौकट पुढे सरकवायची. मुकादमाला हसता हसता ठसका लागला. लोक मेंढरं मोजतात, पोती मोजतात, पण गवत मोजायला कुणी माणूस नेमतं हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यानं तिचं नाव गवतमोजणी ठेवलं.

पोरगी हसरी होती, पण गप्प बसणारी नव्हती. आठ दिवस पाण्यात काढल्यावर तिनं जेवणाच्या ताटावरच सगळं सांगितलं. माशांची पिल्लं त्या गवतात लहानाची मोठी होतात, खेकडे तिथंच घर करतात. लाट त्या गवतातून येताना दमते आणि किनाऱ्याला हळू लागते. मेलेली पानं वाळूवर येऊन पडली की वाऱ्यानं उडालेली वाळू त्यांच्यात अडकते आणि किनारा उंच होत जातो. होड्या, जाळी, हॉटेलं, येणारे-जाणारे पाहुणे, सगळ्या गावाचं पोट त्या गवतावर आहे, असं तिचं म्हणणं. वर ती म्हणाली, "काका, तुम्ही समुद्राचं पांघरूण रोज ओढून नेता. मग त्याला थंडी वाजते आणि तो तुमच्या अंथरुणात शिरतो."

बायको खाली मान घालून वाढत होती. मुकादमाला राग आला. वाळूला वाळूच धरते, कुजकं गवत नाही, आणि कालची पोरं आम्हाला झाडू मारायला शिकवणार का, असं म्हणून तो अर्ध्या ताटावरून उठला. भाचीही हट्टी. ती मागोमाग गेली आणि म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या फावड्यावर ठेवा. खडकांच्या कोपऱ्यात खणा आणि मग शेडपाशी खणा.

खडकांचा कोपरा म्हणजे किनाऱ्याचं दुसरं टोक. तिथं हातगाडी जात नसे, म्हणून बावीस वर्षांत तेवढाच तुकडा झाडायचा राहिला होता. मुकादमाला त्या तुकड्याची लाजच वाटायची. परीक्षक आले की तो त्यांना बोलण्यात गुंतवून दुसऱ्या दिशेला नेई. दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तो फावडं घेऊन तिथं गेला. पोरीचं तोंड बंद करायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

त्यानं कमरेइतका खड्डा खणला. खड्ड्याच्या भिंतीत एक थर वाळूचा, एक गवताचा, पुन्हा वाळू, पुन्हा गवत, अशी खालपर्यंत गोधडी शिवलेली दिसत होती. फावडं मारलं तरी भिंत ढासळेना. पाणी कुठं लागलं नाही. तिथून तो शेडपाशी आला आणि खणायला लागला. हातभर खाली जाताच पाणी लागलं आणि खड्ड्याच्या कडा भसाभसा आत कोसळल्या. सगळी मोकळी वाळू, तिच्यात धरायला एक काडीसुद्धा नाही. मुकादम त्या ओल्या खड्ड्याच्या काठावर बराच वेळ बसून राहिला. आपल्या बायकोच्या शेडखालची जमीन आपणच रोज सकाळी सहा ते नऊ गाडीत भरून नेली, हे त्याला कळलं आणि त्याला रडू आलं.

घरी येऊन तो बायकोला एवढंच म्हणाला, "बावीस वर्षं केर काढला आणि मुसळ केरात गेलं." तिनं त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि जाळं पुढे ओढून विणत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यानं आठही जणांना गोळा केलं आणि हुकूम दिला. बाटल्या, पिशव्या, तुटक्या दोऱ्या, थर्माकोल एकूण एक उचलायचं, पण गवताच्या काडीला हात लावायचा नाही. पाण्यातलं गवत तर उपटायचंच नाही. शिवाय डेपोवर जे गवत साठलंय ते भरून परत आणायचं आणि शेडच्या पुढ्यात पसरायचं. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांच्यात सगळ्यांत जुनी होती भोंगाबाई. तिचा आवाज पार धक्क्यापर्यंत जायचा म्हणून ते नाव. ती म्हणाली, "रुसून गेलेल्या सुनेला आणतात तसं आणायचं म्हणा की. आधी हाकललं, आता गाडी धाडायची." सगळे हसले, मुकादमही हसला, आणि गाड्या डेपोकडे निघाल्या.

ढालीची परीक्षा दोन आठवड्यांवर होती. गवताची बातमी आरोग्यखात्याच्या साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. साहेब उंटावरून शेळ्या हाकण्यात तरबेज. एरवी फोनवरच काम भागवायचे. या वेळी मात्र ते स्वतः आले आणि नाकाला रुमाल लावून ढिगाऱ्यांपुढे उभे राहिले. परीक्षेपुरतं तरी उचला, नंतर हवं तर लोणचं घाला, असं त्यांचं सांगणं. मुकादमानं एकदा ढिगाकडे बघितलं आणि एकदा शेडकडे. वादळांचे दिवस महिन्यावर आले होते आणि आता उचललेलं गवत पुन्हा साचायला तेवढा वेळ नव्हता. भाचीनं त्याला तसं स्पष्ट सांगितलं होतं.

"साहेब, या वाळूत एक बाटली सापडली तर मला घरी बसवा," तो म्हणाला. "पण गवत मी उचलणार नाही. बावीस वर्षं उचललं, ते चुकलं."

"सातवी ढाल आहे. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. गेली सहा वर्षं मीच पुसतोय ती."

साहेबांनी जबाबदारी लिहून मागितली. मुकादमानं तिथंच होडीच्या कडेवर कागद ठेवून सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

परीक्षक बाई पांढरे बूट घालून आल्या. चौथ्या पावलाला त्यांचा बूट गवतात घोट्यापर्यंत गेला आणि त्यातून बारीक किड्यांचा थवा टणाटण उडाला. बाईंनी मुकादमाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दहापैकी दोन गुण दिले. ढाल शेजारच्या गावाला गेली. तिथल्या मुकादमानं फोन करून याचे आभार मानले, तेही इतक्या मनापासून की याला धड रागावताही येईना. गावात लोक त्याला चकाचक म्हणायचे ते आता गवत्या म्हणायला लागले. बाजारात मागून कुणी तशी हाक मारली की तो हसून मागे वळायचा, पण घरी आल्यावर ताट तसंच बाजूला सारायचा. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते लपवणं काही त्याला जमत नव्हतं.

बायकोनं समजूत वगैरे घातली नाही. एके दिवशी सकाळी सहाला ती आणि तिच्या चार मैत्रिणी टोपल्या घेऊन वाळूवर हजर झाल्या आणि आठांचे तेरा झाले. भोंगाबाईनं त्यांना रांगेत उभं केलं. त्या दिवसापासून डेपोवरचं गवत भराभर परत यायला लागलं. भाची तिचा महिना संपवून निघाली तेव्हा शेडपुढचा ढीग तिच्या छातीला लागत होता. पुढच्या वर्षी पुन्हा मोजायला येते, असं सांगून ती गेली.

मग वादळ आलं. तीन दिवस गाव खिडक्यांच्या आड बसून राहिलं. नवरा-बायको खिडकीतून शेडच्या दिशेनं बघत होती, पण पाण्याच्या तुषारांपलीकडे काही दिसत नव्हतं. चौथ्या दिवशी ऊन पडलं. मुकादम अनवाणीच निघाला. एक चप्पल पलंगाखाली होती आणि शोधायला वेळ कुणाला होता. वाटेत मोठ्या हॉटेलासमोर माणसं जमली होती. हॉटेलवाले आपला तुकडा स्वतःच्या माणसांकडून झाडून घ्यायचे. त्यांच्या पायऱ्या आता हवेत लोंबत होत्या आणि खाली सरळ पाणी होतं. मुकादमानं तिथं न थांबता पावलं उचलली.

शेड उभी होती. पुढचा ढीग निम्मा वाहून गेला होता, पण उरलेला निम्मा वाळूनं गच्च भरून बसकट बांधासारखा झाला होता. मुकादमानं त्याला लाथ मारून बघितली आणि स्वतःचाच अंगठा दुखवून घेतला.

आठवड्यानं मोजणीवाला आला. पाच बायका दारात उभ्या राहिल्या. आठ माणसं दाताळी टेकून लांब उभी राहिली. मोजणीवाल्यानं फीत ताणली, वाकून आकडा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. बारा मीटर तीस. मुकादमानं आणखी एकदा मोजायला लावलं. बारा तीसच. तिसऱ्यांदा मोजा म्हणाला तेव्हा मोजणीवाल्यानं फीत त्याच्याच हातात दिली. भोंगाबाईनं आकडा जो ओरडून सांगितला तो धक्क्यावरच्या होड्यांनी ऐकला, आणि कुणीतरी तिकडून भोंगा वाजवून उत्तर दिलं. बायको दाराच्या चौकटीला धरून मनमोकळं हसली. वर्षभरात ती तशी हसली नव्हती.

साहेबांनी पंधरा दिवसांत परिपत्रक काढलं, की किनाऱ्यावरचं समुद्री गवत कुणीही उचलू नये. आणि ते अशा थाटात लिहिलं जणू साहेबांना ही गोष्ट पाळण्यात असल्यापासून माहीत होती. शेजारच्या गावच्या मुकादमाचा पुन्हा फोन आला. त्यांचा किनारा चार मीटर गेला होता. गवत किती जाड पसरायचं, ओलं की वाळकं, असं सगळं त्यानं विचारलं आणि आपल्या मुकादमानं अर्धा तास सांगितलं. ढालीचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढचं वर्ष निम्मं सरलं तेव्हा एका दुपारी बायकोनं शेडमधून नवऱ्याला हाक मारली. तिच्या मांडीवर जवळच्या पाण्यात टाकलेलं जाळं होतं. खालच्या कडेला बारीक, गोल भोकं पडली होती, एक-दोन नाही, चांगली वीसेक. तिनं एका भोकातून करंगळी बाहेर काढून दाखवली. भाची त्याच आठवड्यात परत आली होती, आणि आंघोळीच्या जागेतलं गवत मुळांपासून पुन्हा फुटायला लागलंय, असं तिच्या पाटीवरही लिहिलेलं होतं. मुकादम जाळ्याशी उकिडवा बसला. वर्षभर मनात ठेवलेली गोष्ट त्यानं आता विचारली.

"तुझे वडील इथं गवताचा ढीग रचायचे. तो मी काढला तेव्हा ते बोलले का नाहीत?"

"जावयाला कोण बोलणार?" ती म्हणाली. "जावई म्हणजे दशमग्रह. त्यात तुम्ही नवे, लांबून आलेले. तुम्हाला समुद्रातलं काय कळतं, असं तोंडावर कसं म्हणणार? ते म्हणाले, कळेल तेव्हा कळेल."

"आणि तू?"

तिनं भोकातली करंगळी काढून घेतली. मग म्हणाली, "मला पक्कं माहीत नव्हतं हो. बाबा करायचे, एवढंच माहीत होतं. सांगावंसं वाटायचं. पण पहिल्या वेळी ती ढाल घरी दाखवायला आणलीत तेव्हा तुम्ही केवढे खूश होता. रात्रभर उशाशी घेऊन झोपलात. म्हटलं, राहू दे."

मुकादम उठला आणि दारातून बाहेर बघत राहिला. सकाळच्या भरतीनं नवं गवत आणून टाकलं होतं, ओलं, चमकणारं. हे पुढ्यात रचून घ्यायला हवं आणि दाताळ्यानं ते नीट जमत नाही, असं तो पुटपुटला, तसा बायकोनं जाळं बाजूला केलं. स्टुलावर चढून तिनं छपराच्या वाशांमध्ये हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी खाली काढलं. वडिलांचा लांब दांड्याचा, चार काट्यांचा पंजा होता तो. मुकादमानं फडकं सोडलं. काटे काळेभोर आणि गुळगुळीत होते, आणि फडक्याला ताज्या तेलाचा वास येत होता.

"याला गंज कसा नाही चढला?"

"दर वर्षी तेल लावते."

"बावीस वर्षं? कशासाठी?"

"लागलाच तुम्हाला तर," ती म्हणाली, आणि पुन्हा जाळं मांडीवर ओढून घेतलं.

मुकादमानं डोळे पुसले, पंजा खांद्यावर टाकला आणि गवत रचायला बाहेर गेला.